इंटरट्रॅपियन : एका भूवैज्ञानिक विशेषणाचा इतिहास

इंटरट्रॅपियन : (आंतरट्रॅपी, अंतरा-ट्रॅपी). भूविज्ञानातील एक इंग्रजी विशेषण. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे जे थर एकावर एक साचले आहेत, त्यांच्यापैकी कोणत्याही दोन थरांच्या दरम्यान सापडणाऱ्या गाळाच्या खडकांना ते लावतात. लाव्ह्याच्या सर्व थरांखाली असलेल्या खडकांना ‘इन्फ्राट्रॅपियन’ (अधःट्रॅपी) आणि क्वचित त्यांच्यावर असलेल्यांना ‘सुप्राट्रॅपियन’ (उपरिट्रॅपी) म्हणतात. या तिन्हींचे मूळ ‘ट्रॅपियन’ हे विशेषण असून त्याचा अर्थ ‘ट्रॅप या खडकाचा किंवा त्याच्याशी संबंधित’ असा होतो. भारतीय भूविज्ञानाबाहेर हे शब्द फारसे आढळत नाहीत. तथापि ज्या प्रदेशाच्या वर्णनासाठी ते रूढ झाले, त्या प्रदेशात महाराष्ट्राचा बहुतेक भाग मोडतो. आणि पुण्यापासून अमळनेरपर्यंत कोठेही विहीर खणणारा मनुष्य या विशेषणाच्या विषयाशीच व्यवहार करीत असतो.

व्युत्पत्ती : ‘इंटरट्रॅपियन’ या शब्दाचे तीन घटक आहेत : लॅटिन उपसर्ग, स्वीडिश नाम आणि लॅटिन परंपरेतून इंग्रजीत आलेला प्रत्यय. अशा मिश्र घडणीचे शब्द विज्ञानाच्या भाषेत पुष्कळ असले, तरी भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना ते कधी रुचले नाहीत. यांपैकी मधला घटक सर्वांत महत्त्वाचा आहे.

स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना किंवा पायऱ्या. हा शब्द स्वीडिशमध्ये मध्ययुगीन नीच जर्मन भाषेतून आला. जर्मन ‘ट्रेप्प’, डच ‘ट्राप’ व डॅनिश ‘ट्राप्प’ हे त्याच अर्थाचे त्याचे आप्त होत. पाऊल टाकणे ही त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना मराठीतील ‘पाय’ व ‘पायरी’ यांच्या संबंधासारखीच आहे. स्वीडनच्या दक्षिण भागातील व्हेस्टरयोटलांड या प्रांतात किन्नेकुल्ले, हल्लेबेर्ग, हुन्नेबेर्ग इ. सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत. त्यांच्या माथ्यावर काळसर, कठीण, बारीक कणांच्या खडकाचे टोपण असून खाली वालुकाश्म, शेल व चुनखडक यांचे प्राचीन थर आहेत. या टेकड्यांच्या बाजू पायरीपायरीने उतरत गेलेल्या दिसतात. माथ्यावरील काळ्या खडकाला स्वीडिश लोक ‘ट्राप’ म्हणू लागले. १८ व्या शतकाच्या मध्यास स्वीडिश खनिजवैज्ञानिकांनी हा बोलीतला शब्द ग्रंथांत घेतला. आक्सेल क्रोनस्टेट (१७२२–६५) यांच्या १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या खनिजविज्ञानावरील ग्रंथात तो आहे. अप्सालाचे रसायनशास्त्रज्ञ टॉर्बेर्न बेर्गमान (१७३५–८४) यांच्या लेखनामुळे तो यूरोपभर पोहोचला. १७८८ मध्ये फ्रेंच निसर्गवैज्ञानिक फोझा द सँ-फाँ यांनी ट्रॅप खडकांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘ट्रॅप’ हे खडकाचे नाव म्हणून स्थिर झाले.

इंग्रजीत याच उच्चाराचा व याच वर्णांचा दुसरा एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ सापळा. दोहोंच्या मुळाशी पाऊल टाकण्याच्या अर्थाचा एकच जर्मानिक धातू असावा, असे मानले जाते; सापळ्यावर पाऊल पडते, जिन्यावरही पडते. परंतु खडकाच्या नावात सापळ्याचा अर्थ कधीच नव्हता. असे असूनही ‘दख्खन ट्रॅप’ म्हणजे ज्यात काहीतरी अडकून पडले आहे असा खडक, असे स्पष्टीकरण अधूनमधून ऐकू येते. खनिज तेलाच्या भूविज्ञानात तेल जेथे अडकून राहते, त्या रचनेला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द मात्र सापळ्याच्या अर्थाचा आहे. लाव्ह्याच्या थरांखाली तेल असण्याच्या शक्यतेची चर्चा होऊ लागल्यापासून हे दोन ‘ट्रॅप’ एकाच अहवालात शेजारी येऊ लागले व गोंधळ वाढला. फ्रान्समधील ला ट्राप या मठावरून नाव पडलेल्या ‘ट्रॅपिस्ट’ या ख्रिस्ती संप्रदायाचाही या खडकाशी काही संबंध नाही.

‘-इयन’ हा अंत्य घटक लॅटिनमधील ‘-एउस’ किंवा ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला ‘-एयुस’ या विशेषणप्रत्ययांवर इंग्रजीत ‘-अन’ हा आणखी एक प्रत्यय लागून बनला आहे. ‘यूरोपियन’ या नित्य परिचयाच्या शब्दात तोच आहे. ‘इंटर’ म्हणजे दरम्यान. लॅटिन ‘इंटेर’ व संस्कृत ‘अन्तर्’ हे एकाच इंडो-यूरोपीय शब्दाचे वंशज होत. ‘इन्फ्रा’चे नाते संस्कृत ‘अधर’, ‘अधस्’ या शब्दांशी आहे. म्हणजे दूरच्या वाटणाऱ्या या शब्दांचे उपसर्ग मराठी वाचकाला नात्यातलेच आहेत, परका आहे तो फक्त मधला जिना.

वादातीत नाव : ‘ट्रॅप’ हा शब्द एवढा टिकला, याचे कारण त्याच्या भोळेपणात आहे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या बेसाल्टी खडकांच्या उत्पत्तीविषयी यूरोपात तीव्र वाद झाला. फ्रायबेर्ग येथील खाणविद्येचे अध्यापक आब्राहाम व्हेर्नर (१७४९–१८१७) व त्यांचे अनुयायी हे खडक आदिम सागराच्या पाण्यातून साक्याच्या रूपाने तयार झाले, असे मानीत. याला नेप्च्यूनवाद म्हणतात. उलट फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रदेशाचे निरीक्षण करून निकोला देमारे (१७२५–१८१५) यांनी बेसाल्ट हा ज्वालामुखीतून आलेला खडक आहे, असे दाखविले होते आणि स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन (१७२६–९७) यांनी तो वितळलेल्या स्थितीत खालून वर आला, असे प्रतिपादन केले. खडकाला ‘लाव्हा’ म्हणावे तर एका पक्षाची बाजू घेतल्यासारखे होई. ‘ट्रॅप’ या नावात उत्पत्तीविषयी अवाक्षर नाही. खडक उघडा पडल्यावर डोळ्यांना कसा दिसतो, एवढेच ते सांगते. त्यामुळे व्हेर्नरचे शिष्य रॉबर्ट जेमसन (१७७४–१८५४) एडिंबरोत ‘ट्रॅप शैलसमूह’ असा शब्दप्रयोग करीत, आणि त्यांचे विरोधकही तोच शब्द वापरीत. वाद संपला, बेसाल्टाचे ज्वालामुखीजन्यत्व सर्वमान्य झाले, तरी शब्द राहिला. ‘ट्रॅपियन’ हे विशेषण १९ व्या शतकाच्या आरंभीच्या याच ब्रिटिश लेखनात रूढ झाले. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत येणारे अनेक वैद्य व लष्करी अधिकारी ज्या काळात शिकले, त्या काळाची भूवैज्ञानिक परिभाषा हीच असल्याने ते त्यांच्याबरोबर भारतात आले.

दख्खनमध्ये आगमन : मुंबई सरकारचे सांख्यिकीय प्रतिवेदक म्हणून १८२४ पासून काम केलेले लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे या संदर्भातील मुख्य नाव होय. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी त्यांनी केली. तिच्यातून तयार झालेला दख्खनच्या भूविज्ञानावरील त्यांचा निबंध १८३३ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे वाचला गेला. ‘डेक्कन ट्रॅप’ या संज्ञेचा उगम सामान्यतः या निबंधापाशी दाखवितात. साइक्स यांनी ‘डेक्कन’ असे न लिहिता ‘दख्खन’ या मराठी उच्चाराला जवळचे वर्णलेखन केले होते. डोंगरांचे सपाट माथे, एकाखाली एक उतरत जाणारे कडे व त्यांच्यामधील मंद उतारांच्या पट्ट्या हे त्यांना या प्रदेशाचे ठळक लक्षण वाटले. स्वीडिश टेकड्यांसाठी निघालेला शब्द सह्याद्रीला लावताना त्याचा मूळ अर्थ क्षणभरही ताणावा लागला नाही. ‘दख्खन’ हे संस्कृत ‘दक्षिण’ शब्दाचे प्राकृत ‘दक्खिण’ या रूपातून आलेले रूप असल्यामुळे ‘दख्खन ट्रॅप’ हे जोडनाव अर्धे प्राकृत व अर्धे स्वीडिश ठरते. मराठीत ‘दक्षिण ट्रॅप’ असेही लिहितात.

पायऱ्या पडण्याचे कारण लाव्ह्याच्या थरांच्या घडणीत आहे. या प्रदेशात ज्वालामुखी शंकूच्या माथ्यातून नव्हे, तर मुख्यतः जमिनीतील लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि सपाट पसरला. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थिजून घट्ट व भरीव झाला. वरच्या भागात मात्र वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत झिओलाइटे, गारगोटी यांसारखी खनिजे भरली. भरीव भाग झिजेला दाद देत नाही व कडा म्हणून उभा राहतो. सच्छिद्र भाग लवकर कुजून उतार बनतो. असे शेकडो थर एकावर एक असल्याने डोंगराला पायऱ्या येतात. आज या खडकांनी सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे.

खानदेशातील प्रत्यय : जळगाव, धुळे व नंदुरबार हे आजचे जिल्हे म्हणजे जुना खानदेश. तापीच्या दऱ्याखोऱ्यांचे पहिले सविस्तर भूवैज्ञानिक वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड (१८३२–१९०५) यांनी केले. तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरील त्यांचा वृत्तांत १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी दोन वर्षे त्यांनी पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप आणि ‘इंटरट्रॅपियन’ थर यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. प्रस्तुत विशेषण शीर्षकात मिरविणारा हा महत्त्वाचा आरंभीचा निबंध असून त्यातील विवेचनाने या विशेषणाचा अर्थ निश्चित केला.

तापीची उपनदी बोरी हिच्या काठी वसलेल्या अमळनेरहून पाहता ट्रॅपची तीन रूपे एकमेकांपासून फार दूर नाहीत. दक्षिणेस चाळीसगावच्या बाजूला सातमाळ्याचे व अजिंठ्याचे डोंगर आहेत. तेथे पायऱ्यांची रचना स्पष्ट दिसते. वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी खोदणाऱ्यांनी याच आडव्या थरांचा उपयोग करून घेतला आहे. अमळनेरच्या परिसरात मात्र पायऱ्या दिसत नाहीत. तेथे ट्रॅप झिजून झालेल्या काळ्या कापसाच्या जमिनीने सर्व झाकले असून उत्तरेस तापीकडे जावे तसा नदीने आणलेला गाळ जाड होत जातो. तापीच्या खोऱ्यात काही ठिकाणी तो शेकडो मीटर आहे. तापीपलीकडे सातपुडा आहे. नावाने ‘जिना’ असलेला खडक येथे पायांखाली सपाट पडलेला आहे आणि त्याचे ज्ञान विहिरीतूनच होते : वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली कातळ, कातळाखाली पुन्हा मऊ व सच्छिद्र पट्टा. पाणी बहुधा या सच्छिद्र पट्ट्यात किंवा कातळाच्या सांध्यांत असते. डोंगराच्या बाजूने जो जिना दिसतो, तोच विहिरीत वरून खाली उतरावा लागतो.

तिसरे रूप अमळनेरच्या लगत दक्षिणेस पारोळ्याकडे आणि तेथून धुळे, साक्री, नंदुरबार या दिशांना आढळते. तेथे लाव्ह्याच्या आडव्या थरांना छेदून उभ्या भित्ती गेलेल्या आहेत. ज्या भेगांतून वितळलेला खडक वर आला, त्या भेगांतच थिजलेला हा भाग होय. आजूबाजूचा खडक झिजून गेल्यावर तो शेताशिवारांतून रचलेल्या बांधासारखा किंवा डोंगराच्या अरुंद सोंडेसारखा उभा राहतो. नंदुरबार-धुळे भागातील अशा दोनशेंहून अधिक भित्तींचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मापन केले आहे. त्या मुख्यतः पूर्व-पश्चिम किंवा तिच्याजवळच्या दिशेने गेलेल्या असून साक्री, धुळे व पारोळा यांना जोडणारी सर्वांत लांब भित्त सु. ७९ किमी. आहे. जमिनीखालील पाण्याच्या प्रवाहाला अशी भित्त आडवी आली, तर तिच्या एका अंगाच्या विहिरींना पाणी आणि दुसऱ्या अंगाच्या कोरड्या, असे घडू शकते. भित्तींना ‘ट्रॅपियन’ म्हणता येते, कारण त्यांचा खडक तोच आहे. परंतु त्यांच्यात पायरी नाही, ती भिंतच आहे. शब्दाचा मूळ अर्थ विसरला गेल्यावरच असा प्रयोग शक्य होतो.

खानदेशात या विशेषणाची दुसरीही एक मर्यादा दिसते. लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यावर पुष्कळदा तांबड्या, मातकट खडकाचा पातळ पट्टा असतो. खालच्या लाव्ह्याचा पृष्ठभाग काही काळ हवापाण्यात उघडा राहून कुजला, तेव्हा तो बहुधा तयार झाला आणि वरच्या तप्त लाव्ह्याने तो भाजला गेला. शब्दशः पाहता हा पट्टा ‘दोन ट्रॅपांमधला’च आहे. पण प्रघात असा की, तळ्यांत, दलदलींत किंवा नद्यांत साचलेल्या, विशेषतः जीवाश्म असलेल्या, थरांनाच ‘इंटरट्रॅपियन’ म्हणावयाचे. असे जीवाश्मयुक्त थर पठाराच्या पूर्व व उत्तर कडांना, म्हणजे नागपूर, छिंदवाडा, नर्मदेचे खोरे, गोदावरीच्या मुखाजवळचे राजमहेंद्री या भागांत आणि पश्चिमेस मुंबईला प्रसिद्ध आहेत. मधल्या जाड ट्रॅपात, ज्यात खानदेश येतो, ते तुरळक. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ व व्यवहारातला अर्थ यांत पडलेले हे अंतर लक्षात ठेवले नाही, तर जुन्या वृत्तांतांचे वाचन फसते.

‘दरम्यान’ म्हणजे काय? : या विशेषणाच्या इतिहासातील खरा वाद मधल्या नामाविषयी नसून उपसर्गाविषयी झाला. दोन ट्रॅपांमध्ये गाळाचा थर आहे, ही झाली जागेची गोष्ट. तेवढ्याने तो त्या दोहोंच्या मधल्या काळात साचला, असे सिद्ध होत नाही. आरंभीच्या काही निरीक्षकांना असे वाटे की, गाळाचा थर आधीचा असून वरचा ट्रॅप त्यावर पसरला आणि खालचा ट्रॅप नंतर वितळलेल्या स्थितीत त्याच्याखाली घुसला. ही कल्पना खरी मानली, तर ‘इंटर’ या शब्दाला कालदर्शक अर्थच उरत नाही. ब्लॅनफर्ड यांनी निरनिराळ्या ठिकाणांचे पुरावे एकत्र करून दाखविले की, खालचा लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठावर लहानमोठी तळी झाली, त्यांत गाळ व जीव साचले आणि मग नव्या लाव्ह्याने ती बुजली. एक मोठे सरोवर नव्हे, तर अनेक वेळा, अनेक जागी झालेली तळी. त्यानंतर ‘इंटरट्रॅपियन’ म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांतीचा काळ, असा अर्थ पक्का झाला. भूविज्ञानात जागेचा शब्द काळाचा शब्द बनतो, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

या विश्रांतिकाळांचा सर्वांत समृद्ध पुरावा नागपूर परिसरातून आला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी तेथील गोड्या पाण्यातील शंख, मासे, कीटक, फळे व बिया यांचे जीवाश्म गोळा केले. त्यांचा निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय यांच्याच नावाचे. मुंबईत मलबार व वरळी टेकड्यांच्या भागातील थरांमध्ये लहान बेडकांचे सांगाडे मिळाले होते. रिचर्ड ओएन (१८०४–९२) यांनी १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ असे नाव दिले. पुढे १९३० मध्ये या बेडकासाठी ‘इंडोबॅट्राकस’ ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली. वरळीचे कासव हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये वर्णिले. आज ज्या टेकड्यांवर मुंबईतील अतिशय महाग वस्ती आहे, त्यांच्या पोटात बेडकांचे तळे होते, ही गोष्ट अजून पुरेशी परिचित नाही.

या थरांचे वय ठरले की ट्रॅपचे वय ठरणार होते, आणि म्हणूनच त्यांच्यावरील मतभेद तीव्र झाले. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये त्यांना ‘टर्शरी’ म्हटले, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील मत निदान खालच्या ट्रॅपच्या बाबतीत त्यापूर्वीच्या क्रिटेशस कल्पाकडे झुकले. पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी १९३४ मध्ये हा प्रश्न पुन्हा उपस्थित करून वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे टर्शरी कल्पाचा पक्ष जोरदारपणे मांडला. त्यांनी व एच्. एस्. राव यांनी मध्य प्रदेशातील या थरांतील एका पाणनेच्याला ‘ॲझोला इंटरट्रॅपिआ’ असे जातिनाम दिले. भाषेच्या दृष्टीने हे नाव मौजेचे आहे : इंग्रजी विशेषणाच्या शेवटचा ‘-अन’ गाळून ते लॅटिनच्या स्त्रीलिंगी रूपात परत नेलेले आहे. स्वीडनच्या खेड्यांतला जिना अशा रीतीने एका भारतीय शेवाळसदृश वनस्पतीच्या शास्त्रीय नावात जाऊन बसला.

१९८० नंतर किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवर आधारलेल्या कालमापनाने ट्रॅपचे वय सु. ६.६ कोटी वर्षे ठरले. विन्सेंट कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे उद्रेक क्रिटेशस व टर्शरी यांच्या सीमेवरचे असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे ज्या वादात दोन पक्ष होते, त्यात दोन्ही पक्ष सीमेच्या अलीकडे-पलीकडे उभे होते. १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी नस्कल (तेलंगण) येथील आंतरट्रॅपी थरांतून एका छोट्या सस्तन प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी’ असे नाव दिले; ते थर क्रिटेशस कल्पाच्या अखेरचे मानले गेले. उलट छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील आंतरट्रॅपी थरांत सीमेनंतरच्या आरंभीच्या काळातील सागरी सूक्ष्मजीव मिळाले. डायनोसॉरांचा अंत उल्कापाताने झाला की दख्खनच्या उद्रेकांनी, की दोहोंच्या मिळून झालेल्या परिणामाने, या चर्चेत ‘इंटरट्रॅपियन’ थर साक्षीदार ठरले आहेत. ‘इन्फ्राट्रॅपियन’ लॅमेटा थरांत डायनोसॉरांची हाडे व अंडी मिळतात. त्यामुळे कोणता थर ट्रॅपाखाली आणि कोणता ट्रॅपांच्या मध्ये, हा केवळ उपसर्गाचा भेद राहत नाही.

मराठी प्रतिशब्द : मराठी भूवैज्ञानिक लेखनात ‘ट्रॅप’ हे नाम तसेच ठेवून उपसर्ग व प्रत्यय बदलण्याची पद्धत पडली. ‘सोपानाश्म’ असा संस्कृत शब्द घडविणे शक्य होते. पण त्याने पायरीचा अर्थ उघड झाला असता, तरी भित्तींसारख्या पायरी नसलेल्या रूपांना तो अधिकच विसंगत ठरला असता. अर्थ विसरलेला परका शब्द येथे सोयीचा ठरतो. उपसर्गाविषयी मात्र काळजी हवी. ‘आंतर’ म्हणजे दोन किंवा अधिकांच्या दरम्यानचे, ‘अंतर्’ म्हणजे आतले. ‘आंतरराष्ट्रीय’ व ‘अंतर्गत’ या शब्दांत हा भेद स्पष्ट आहे. इंग्रजी लेखनातही ‘इंटर’च्या जागी ‘इंट्रा’ (आत) असे चुकून पडते व अर्थ बदलतो. ‘अंतरा-ट्रॅपी’ हे रूपही संस्कृतच्या दृष्टीने निर्दोष आहे; ‘अंतरा’ हे दरम्यान या अर्थाचे अव्यय असून त्याच्या योगाने द्वितीया विभक्ती होते, असा नियम पाणिनीने दिला आहे. हे सर्व शब्द लॅटिन ‘इंटेर’चे सगोत्र असल्याने येथे भाषांतर करताना मूळ शब्दच वेगळ्या वाटेने परत आला आहे.

शब्दांच्या अशा वाटा शोधणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांचे निधन धुळ्यास झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी आहे. त्यांचे व्युत्पत्तिकार्य अर्थात मराठी शब्दांविषयीचे होते. खानदेशच्या खडकाचे इंग्रजी नाव त्या कक्षेत येत नाही. परंतु प्रत्येक शब्दाला त्याच्या वापराच्या ठिकाणी व काळात तपासण्याची त्यांची दृष्टी या शब्दालाही लागू पडते.

आंतरराष्ट्रीय भूविज्ञानात ‘ट्रॅप’ या शब्दाऐवजी ‘पठारी बेसाल्ट’ व ‘पूर बेसाल्ट’ या अर्थाच्या संज्ञा आता अधिक वापरतात. विशेषनामांत मात्र तो शिल्लक आहे : डेक्कन ट्रॅप, सायबेरियन ट्रॅप, चीनमधील एमेशान ट्रॅप. ‘इंटरट्रॅपियन’ला तर पर्यायच निघालेला नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील भूजलविषयक अहवालांत खडकाचा प्रकार सांगताना ‘डेक्कन ट्रॅप’ असेच लिहितात, आणि विहिरीचा छेद दाखविताना त्याचे भरीव, सच्छिद्र व विदारित असे पोटभेद करतात.